सोलापुरातला 'आफ्रिका' ट्रे : जुन्या नाण्यांच्या एका दुकानाचं परीक्षण

मंगळवार पेठेत सराफी दुकानांच्या मागच्या बोळात, अरुंद जिना चढून वर गेलं की जुन्या नाण्यांचं एक दुकान लागतं. पाटीवर नाव नाही, 'जुनी नाणी, नोटा, तिकिटे' एवढीच ओळ. गिऱ्हाईक बहुतेक शिवराई, निजामाचे रुपये, नाहीतर ७८६ नंबरची नोट शोधत आलेलं असतं. इथे विषय फक्त एका ट्रेचा आहे. डाव्या कपाटात खालून दुसरा, त्यावर पेनने 'आफ्रिका' लिहिलेलं. दक्षिण आफ्रिका, दक्षिण ऱ्होडेशिया (आजचा झिंबाब्वे) आणि मोझांबिक यांची इंग्रज, बोअर (तिथे स्थायिक झालेले डच वंशाचे लोक) आणि पोर्तुगीज अमलातली साठ-सत्तर नाणी, काही नोटा, आणि बरीचशी सरमिसळ.

निकाल आधीच सांगून टाकू. वापरून झिजलेली साधी चांदी आणि तांब्याची नाणी घ्यायला हे दुकान उत्तम. भाव रास्त, मालक नाणं हातात देतात, काट्यावर ठेवू देतात, तोंड वाकडं करत नाहीत. पण ज्या नाण्याला नाव आहे, म्हणजे क्रूगरचा पाँड, बर्गर्स, वेल्डपाँड, मॅफेकिंगची नोट, ते इथून घेऊ नये. मालकांचा पिंड सराफाचा. टंच ते नुसत्या स्पर्शानं सांगतील. नाणं कुठल्या टांकसाळीत पडलं, कुठल्या साली, किती निघालं, हे त्यांचं क्षेत्र नव्हे, आणि चिठ्ठ्या मात्र तेच लिहितात.

ट्रेमधला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात चांगला भाग युनियन ऑफ साउथ आफ्रिकेच्या चांदीचा. १९१० साली केप, नाताळ, ट्रान्सवाल आणि ऑरेंज फ्री स्टेट एकत्र आले, पण स्वतःची नाणी पाडायला १९२३ उजाडलं. लंडनच्या रॉयल मिंटची शाखा प्रिटोरियात सुरू झाली आणि पंचम जॉर्जच्या शिक्क्याची नाणी निघाली. पौंड-शिलिंग-पेन्सचीच रचना, आकार-वजन इंग्लंडच्या नाण्यांचंच, पण चांदी जास्त. इंग्लंडने १९२० मध्ये आपली नाणी ५० टंचावर आणली होती. प्रिटोरियाने ८० टंच ठेवला आणि १९५० पर्यंत टिकवला. म्हणजे अडीच शिलिंगचं नाणं, ज्याला हाफ क्राउन म्हणतात, १४.१४ ग्रॅमचं आणि त्यात शुद्ध चांदी ११.३ ग्रॅम. त्याच सालच्या इंग्लिश हाफ क्राउनमध्ये ७.०७ ग्रॅम. दुकानात दोन्ही वेगवेगळ्या ट्रेमध्ये, पण भाव जवळजवळ सारखाच लावलेला आहे. इथे गिऱ्हाइकाचा सरळ फायदा आहे.

उलट बाजूला एक तोटाही आहे. 'आफ्रिका' ट्रेमधल्या सगळ्या चांदीवर सरसकट '८० टंच' अशी चिठ्ठी आहे. १९५१ पासून दक्षिण आफ्रिकेनेही चांदी ५० टंचावर आणली आणि वजन तेच ठेवलं. त्यामुळे १९५३ नंतरचं दुसऱ्या एलिझाबेथचं प्रत्येक चांदीचं नाणं या चिठ्ठीने चुकीचं ठरतं. पाच शिलिंगच्या मोठ्या नाण्यांत हा फरक खिशाला जाणवतो. १९४७ चं, सहाव्या जॉर्जच्या शाही भेटीच्या निमित्तानं काढलेलं, मागे स्प्रिंगबॉक हरण असलेलं पाच शिलिंग ८० टंचाचं, २८.२८ ग्रॅममध्ये २२.६ ग्रॅम चांदी. १९५२ चं, केपमध्ये डच वसाहत वसवणाऱ्या व्हॅन रीबीकच्या आगमनाला तीनशे वर्षं झाली म्हणून काढलेलं, मागे जहाज असलेलं पाच शिलिंग ५० टंचाचं, चांदी १४.१ ग्रॅम. दुकानात दोन्ही एकाच खणात, एकाच भावात. अर्थात कुठलं उचलायचं हे सांगायची गरज नाही.

यासाठी कसोटीचा दगड, आम्ल काही लागत नाही. साल वाचा, बस्स.

जिथे साल वाचून भागत नाही तिथे पाण्याची परीक्षा करावी, आणि दुकानाचा काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजतो म्हणून ती तिथल्या तिथे होते. काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवायचा, आकडा शून्य करायचा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवायचं, पण तळाला किंवा कडेला टेकू द्यायचं नाही. काट्यावर जो आकडा येतो तो बाजूला सरलेल्या पाण्याचा. नाण्याचं कोरडं वजन त्याने भागलं की घनता मिळते. ९२.५ टंच चांदी साधारण १०.३, ८० टंच १०.१, ५० टंच ९.६ ते ९.७, कुप्रोनिकेल (तांबं आणि निकेलचा मिश्रधातू) ८.९, पितळ साडेआठच्या आसपास, २२ कॅरेट सोनं साडेसतरा ते पावणेअठरा. हाफ क्राउन खरा ८० टंचाचा असेल तर १.४० ग्रॅमच्या जवळ आकडा येतो. कुप्रोनिकेल असेल तर १.५९. नाण्याला बुडबुडे चिकटले तर आकडा वाढतो आणि चांगलं नाणं हलकं ठरतं, म्हणून पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकावा. तीन पेन्ससारख्या १.४१ ग्रॅमच्या नाण्याला ही परीक्षा करू नये. काट्याची चूकच टंचाटंचातल्या फरकापेक्षा मोठी होते.

तीन पेन्सला तिकडे सगळे टिकी म्हणतात. एका प्लास्टिकच्या डबीत पन्नासेक टिक्या आहेत, निवडून घ्या, एकच भाव. मागे प्रोटिया फुलाभोवती काड्यांच्या तीन जुड्या असलेल्या. डबी पूर्ण उपसायला मालकांची हरकत नसते. फक्त १९३१ सालची टिकी हाताला लागली तर हुरळून जाऊ नका. ते साल या मालिकेतलं सगळ्यात दुर्मिळ. बाजारात वापरासाठी शंभरही टिक्या पाडल्या नव्हत्या. मंदी होती, आणि इंग्लंडने सप्टेंबर १९३१ मध्ये सोन्याशी बांधलेलं चलन सोडलं तरी दक्षिण आफ्रिका डिसेंबर १९३२ पर्यंत हट्टाने धरून बसली होती. त्यामुळे १९३१ चा आकडा दिसला की दहापट भिंगातून शेवटच्या '१' च्या भोवतीची जमीन बघायची. ती बाकी शेतापेक्षा, म्हणजे नाण्याच्या मोकळ्या सपाट भागापेक्षा, खोलगट, खरवडलेली किंवा जास्त चकचकीत असेल तर कोणीतरी '४' ची हजामत केलेली आहे.

आता मुख्य मुद्दा, क्रूगरची नाणी.

ट्रान्सवालच्या बोअर प्रजासत्ताकाने आपला राष्ट्राध्यक्ष पॉल क्रूगर याच्या चेहऱ्याची नाणी १८९२ ते १९०० या काळात काढली. प्रिटोरियातली टांकसाळ वेळेत तयार झाली नाही म्हणून पहिली १८९२ ची नाणी बर्लिनला पाडून आणली. ओटो शुल्ट्झ या जर्मन कारागिराने ठसे कोरले आणि दोन घोटाळे झाले. ढालीवर बोअरांचा बैलगाडा हवा होता. त्याला मधोमध एकच जूदांडी असते आणि मागची चाकं पुढच्यांपेक्षा मोठी. शुल्ट्झने जर्मन गाडी कोरली, दोन दांड्यांची, चारही चाकं सारखी. शिवाय क्रूगरच्या खांद्याखाली त्याने आपली आद्याक्षरं 'ओ. एस.' टाकली, आणि डच-आफ्रिकान्समध्ये 'ओस' म्हणजे बैल. निवडणूक तोंडावर होती. राष्ट्राध्यक्षाच्या चित्राखाली बैल लिहिलंय म्हणून विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. पुढे ठसे सुधारले, एका दांडीचा गाडा आला. त्यामुळे १८९२ चे पाच शिलिंग आणि पाँड दोन्ही तऱ्हांचे मिळतात, आणि संग्राहक नाणं उलटं करून आधी गाड्याकडे बघतात.

दुकानात क्रूगरची चांदी आहे ती बहुतांशी खरी. सहा पेन्स आणि शिलिंग, १८९६-९७ ची, खूप झिजलेली, पण खरी. खरी ओळखायची कशी? चांदी ९२.५ टंच. शिलिंग ५.६५ ग्रॅम, २३.६ मिलिमीटर, सहा पेन्स २.८३ ग्रॅम, १९.४ मिलिमीटर. झिजून पाच-सहा टक्के कमी भरलं तर ठीक. जास्त भरलं तर संशय घ्यायचा, कारण वापराने नाणं जड होत नाही. काठावरचे दाते सरळ, एकसारखे, आणि कुठेही जोडाची रेघ नसावी. एक हाफ क्राउन आहे १८९७ चा, त्याच्या काठाला अर्ध्या परिघात सूक्ष्म रेघ दिसते आणि अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोलावलेल्या आहेत. तो ओतीव आहे. वजन बरोबर, टंच बरोबर, तरी नाणं खोटं. चिठ्ठीवर 'क्रूगर, असली चांदी' लिहिलंय आणि तेवढ्यापुरतं ते खोटं नाही!

पाच शिलिंग १८९२ असं एक नाणं वेगळ्या डबीत आहे आणि त्यावर मोठा भाव. ही डबी उघडायलाच नको. क्राउन, म्हणजे हेच पाच शिलिंग, फक्त १८९२ सालीच निघाला, दोन्ही तऱ्हा मिळून वीस हजारांच्या आत. त्यामुळे तो बनावट करायला फायद्याचा आहे आणि जगभर केलेला आहे. दुकानातल्या नाण्याचं वजन २५ ग्रॅमच्या खाली जातं. खऱ्याचं २८.२८ हवं. तीन ग्रॅम झीज झालेल्या क्राउनवर क्रूगरची दाढी शिल्लक राहिली नसती, इथे केसन् केस दिसतो.

सोनं ट्रेमध्ये नसतं, मागितल्यावर तिजोरीतून येतं. आपल्याकडे सराफ सॉव्हरिनला गिन्नी म्हणतात आणि क्रूगरचा पाँडही त्यातच धरतात. वजनाच्या हिशेबानं ते चूक नाही, कारण पाँड आणि सॉव्हरिन दोन्ही ७.९९ ग्रॅम, २२ कॅरेट, २२ मिलिमीटर. सोन्याचा मुलामा दिलेलं पितळ त्याच आकारात चार ग्रॅमच्याही आत भरतं, त्यामुळे ढोबळ फसवणूक काट्यावरच उघडी पडते. खरी अडचण खऱ्या सोन्यात पाडलेल्या बनावट पाँडांची. तिथे काटा आणि पाणी दोन्ही 'बरोबर' म्हणतात. मग गाडा, चाकं, दाढीचे तपशील, दात्यांची संख्या असं एकेक खऱ्या नाण्याच्या मोठ्या छायाचित्राशी ताडून बघावं लागतं, आणि ते काउंटरवर उभ्यानं होत नाही. शिवाय आपल्याकडे गिन्नीला कडी लावून गळ्यात घालायची पद्धत. कडी काढून डाख घासलेला असला तरी क्रूगरच्या डोक्याच्या वर, बारा वाजण्याच्या जागी, दाते पुसट झालेले दिसतात. असा पाँड सोन्याच्या भावात घ्यावा, नाण्याच्या भावात मुळीच नाही. मालक स्वतः डाखाची गोष्ट सांगत नाहीत; विचारलं तर लपवतही नाहीत.

याच तिजोरीत एक वस्तू मात्र डोळे झाकून घेण्यासारखी आहे. पंचम जॉर्जच्या गिन्न्यांमध्ये काही प्रिटोरियाच्या असतात. घोड्यावरच्या सेंट जॉर्जच्या पायाखालच्या जमिनीच्या रेघेवर, सालाच्या बरोबर वर, 'एसए' अशी चिमुकली अक्षरं. १९२३ ते १९३२ एवढीच वर्षं. दुकान ती लंडनच्या गिन्न्यांबरोबर एकाच भावात विकतं. १९२५ च्या पुढची सालं सामान्य आहेत, पण १९२३ आणि १९२४ ची एसए गिन्नी अत्यंत दुर्मिळ. मिळेल अशी आशा ठेवून नव्हे, पण बघायला पैसे पडत नाहीत.

बर्गर्स पाँड म्हणून जे दाखवतात ते पांढऱ्या धातूवर मुलामा आहे, काठाला दातेच नाहीत. राष्ट्राध्यक्ष बर्गर्सने १८७४ मध्ये ट्रान्सवालच्या सोन्यातून बर्मिंगहॅमला हे पाडून घेतले. एकूण ८३७, त्यातले ६९५ बारीक दाढीचे आणि १४२ जाड दाढीचे. स्वतःचा चेहरा नाण्यावर घातला म्हणून ट्रान्सवालच्या विधिमंडळात त्याच्यावर तोंडसुख घेतलं गेलं. जगात ८३७ च निघालेलं नाणं बोळातल्या ट्रेमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत येत नसतं, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे. वेल्डपाँडचंही तेच. बोअर युद्धाच्या शेवटी, १९०२ मध्ये, पिल्ग्रिम्स रेस्टजवळ रानात हाताने कोरलेल्या ठशांनी ९८६ नग पाडले, जवळजवळ शुद्ध सोन्यात. नाणं मुळातच ओबडधोबड, म्हणून विकणारा म्हणतो, "मालक, रानातलं आहे, असंच असायचं." हा युक्तिवाद कोणत्याही ओबडधोबड नकलेला लागू पडतो. आणखी एक, सोन्याची टिकी. खाणमालक सॅमी मार्क्सला १८९८ मध्ये टांकसाळ एका दिवसासाठी वापरायला मिळाली आणि त्याने २१५ टिक्या सोन्यात पाडून घेतल्या. क्रूगरची नेहमीची चांदीची टिकी १८९७ ला थांबते. दुकानातली 'सोन्याची टिकी' १८९५ ची आहे. पुढे बोलायला नको.

क्रूगरचाच चेहरा, मागे स्प्रिंगबॉक हरण आणि वजन ३३.९३ ग्रॅम असं नाणं असेल तर ते क्रूगररँड, १९६७ पासूनचं, सोन्यात गुंतवणूक करणाऱ्यांसाठी काढलेलं. त्यात एक औंस शुद्ध सोनं असतं. वसाहतकाळाशी त्याचा संबंध फक्त चेहऱ्यापुरता. ट्रेमध्ये आहे ती त्याची मुलामा दिलेली स्मरणिका, चिठ्ठी मात्र 'ब्रिटिश साउथ आफ्रिका'.

मोझांबिकच्या खणात एकच नग आहे, पण पूर्ण ट्रेमध्ये सोलापूरकराला सगळ्यात जवळचा. व्हिक्टोरिया राणीचा आपला चांदीचा रुपया, ११.६६ ग्रॅम, आणि राणीच्या गालावर मुकुटाखाली 'पीएम' असा ठोकलेला छाप. पोर्तुगिजांच्या मोझांबिक प्रांतात स्वतःचं नाणं पुरत नव्हतं. किनाऱ्यावर गुजराती, कच्छी, दिव-गोव्याचे व्यापारी रुपया घेऊन उतरत आणि तोच चालत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने रुपये आणि मारिया थेरेसाचे (ऑस्ट्रियाच्या राणीच्या छापाचे चांदीचे) डॉलर गोळा करून त्यावर हा छाप मारला आणि आपले म्हणून चालवले. छापाचा हातोडा कोणालाही करता येतो, म्हणून याच्या नकला खऱ्यांपेक्षा जास्त. तपासायच्या गोष्टी तीन. रुपयाचं साल छापाच्या काळाआधीचं हवं. एडवर्डचा रुपया १९०३ पासून सुरू होतो, त्याच्यावर पीएम दिसला की विषय संपला. छाप खरोखर ठोकला असेल तर नाण्याच्या दुसऱ्या बाजूला नेमक्या त्याच जागी नक्षी चपटी झालेली असते. कोरून काढलेल्या किंवा ओतलेल्या छापाला ती नसते. आणि छापाच्या खोबणीतला काळपटपणा बाकी नाण्याशी जुळायला हवा. आत चांदी लख्ख आणि बाहेर काळी असेल तर छाप परवाचा आहे. दुकानातला नग पहिल्या दोन परीक्षांत उत्तीर्ण होतो, तिसरीत सांगता येत नाही, कारण मालकांनी सगळा रुपया रिठ्याच्या पाण्यात उकळून ब्रशनं घासून ठेवलाय. पुरावाच धुवून टाकला. छापासकट मागितलेला भाव साध्या रुपयाच्या चौपट आहे. दीडपटीला मिळाला तर घ्यावा.

हे धुणं या दुकानाचं सगळ्यात मोठं दुखणं. दागिना चकचकीत केला की भाव वाढतो, नाण्याचा उतरतो. चांदीवरची जुनी काळपट झाक हीच शेतातल्या बारीक रेघा झाकते आणि खरेपण दाखवते. घासलेल्या नाण्यावर तिरप्या उजेडात समांतर ओरखड्यांचं जाळं दिसतं. 'आफ्रिका' ट्रेमधली निम्मी चांदी अशी आहे. नवा माल आला असेल तर "मालक, धुण्याआधीच दाखवा," असं सांगून ठेवावं, ते ऐकतात.

दक्षिण ऱ्होडेशियाचा खण नवशिक्याने इथून बिनधास्त घ्यावा. दक्षिण आफ्रिका सोन्याला चिकटून राहिली आणि ऱ्होडेशिया इंग्लंडच्या पौंडाबरोबर गेली, तेव्हा दोन्हीकडची नाणी एका भावात चालेनात. म्हणून १९३२ मध्ये ऱ्होडेशियाने स्वतःची चांदी काढली. शिलिंगवर झिंबाब्वेच्या अवशेषांतला दगडी पक्षी, दोन शिलिंगवर सेबल हरण, सहा पेन्सवर कुऱ्हाडी, तीन पेन्सवर भाल्यांची पाती. सुरुवातीला ९२.५ टंच, १९४४ ला ५०, १९४७ पासून नुसतं कुप्रोनिकेल. इथेही सगळ्यावर 'चांदी' अशी चिठ्ठी असल्यामुळे साल पाहूनच घ्यायचं. १९३४ पासूनच्या मधे भोक असलेल्या पेनी आणि अर्ध्या पेनी ढिगानं आहेत. आपला भोकाचा पैसा १९४३ चा, हे त्याच्या नऊ वर्षं आधीचं. कोणी यांच्या नकला करत नाही, भाव चहा-नाश्त्याएवढा.

चिठ्ठी नसलेली एक गोष्ट हुडकावी. केप आणि नाताळ या इंग्रज वसाहतींना स्वतःची अशी नियमित नाणी नव्हतीच. केपमध्ये डच कंपनीच्या काळात हिशेब रिक्सडॉलरमध्ये व्हायचा, ४८ स्टायव्हरचा एक. धातू अपुरा, म्हणून १७८२ मध्ये गव्हर्नर व्हॅन प्लेटेनबर्गने कागदी पैसा काढला आणि मग त्याला आवर राहिला नाही. इंग्रजांनी १८२५ मध्ये ब्रिटिश चांदी लागू केली तेव्हा एके काळी चार शिलिंगला असलेल्या रिक्सडॉलरला दीड शिलिंग भाव बांधला. ज्यांच्या पेटीत कागद होता ते बसले हात चोळत. त्यापुढे केपमध्ये आणि नाताळमध्ये चालली ती इंग्लंडचीच नाणी. १८६० मध्ये मद्रासहून पहिलं जहाज दरबानला गेलं, त्या उसाच्या मजुरांचा पहिल्या वर्षाचा पगार महिन्याला दहा शिलिंग, म्हणजे व्हिक्टोरियाचे चार हाफ क्राउन. तेव्हा वसाहतीच्या दक्षिण आफ्रिकेचा संग्रह करायचा तर 'इंग्लंड' ट्रेही मागा. त्यात १७९७ चा, एक औंस वजनाचा, रुंद काठाचा तांब्याचा जाडजूड पेनीही आहे. केपमध्ये इंग्रजांनी तो दोन स्टायव्हरला चालवला होता. दुकानात तो फक्त 'मोठा तांबा, १७९७' आहे आणि त्याच भावात जातो.

कागदाबद्दल थोडक्यात: इथली एकही नोट घेऊ नये. बोअर युद्धातल्या मॅफेकिंगच्या वेढ्यातली १९०० सालची दहा शिलिंगची नोट म्हणून जी प्लास्टिकमध्ये आहे ती रंगीत झेरॉक्स आहे. भिंगात ठिपक्यांची जाळी स्पष्ट दिसते. खऱ्या नोटेचा ठसा लाकडात, क्रोके या खेळाच्या हातोड्यावर कोरला होता, आणि पहिल्या छपाईत 'कमांडिंग' या शब्दातलं एक अक्षर राहून गेलं होतं. नकलेतही ते राहिलेलं आहे, तेव्हा ती चूक दिसली म्हणून नोट खरी असं मानू नये.

व्यवहाराचं. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. मागावं, आणि त्यावर नाण्याचं साल, वजन, धातू लिहून घ्यावं. परतीची बोली तोंडी आठ दिवसांची आहे, पण ती बिलावर लिहून दिली तरच धरावी. घासाघीस दहा टक्क्यांपर्यंत चालते, पाच-सहा नग एकदम घेतले तर जास्त. दुकानाच्या पारदर्शक पाकिटांत नाणं घरी ठेवू नये. ती पीव्हीसीची आहेत, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात चाळीसच्या वर पारा गेला की त्यांतून चिकट द्रव सुटतो. तांब्यावर आणि हलक्या टंचाच्या चांदीवर हिरवा थर धरतो. सुटलाच तर ॲसिटोनमध्ये बुडवून काढावं, घासू नये, आणि मायलार (पीव्हीसी नसलेलं पारदर्शक प्लास्टिक) किंवा पुठ्ठ्याच्या चौकटीत घालावं.

शंभर वर्षांवरचं नाणं भारतीय कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. जोहान्सबर्गच्या संग्राहकाला पोस्टाने विकायच्या हिशेबानं क्रूगरची शिलिंगं गोळा करणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. दुकान दुपारी दीड ते चार बंद असतं. गड्ड्याच्या दिवसांत मालक माल घेऊन यात्रेत बसतात, तेव्हा ट्रे तिकडे जातो आणि काटा इकडे राहतो, म्हणून त्या पंधरवड्यात तिथून काही घेऊ नये. सकाळी अकराच्या सुमारास जावं. तेव्हा जिन्याच्या खिडकीतून तिरपा उजेड येतो, आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जे ओरखडे दिसत नाहीत ते त्यात दिसतात.